‘बघणं’ फक्त डोळ्यांचं नसतं: इंद्रियं, मेंदू आणि अर्थ यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरला राहते आणि गेली बावीस वर्षं जन्मांध व अंशतः दिसणाऱ्या मुलांना शिकवते. गणेशोत्सवातल्या व्याख्यानानंतर, लग्नाच्या पंगतीत, अगदी राजवाड्यासमोर रिक्षाची वाट बघत उभी असतानाही लोक मला तेच ते विचारतात. ज्याला कधी दिसलंच नाही त्याला ‘लाल’ काय कळणार? शब्दाचा अर्थ मेंदूत कुठे असतो? मुलांना सगळं हातात द्यायलाच हवं का? दर वेळी घाईत अर्धवट उत्तर दिलं जातं आणि मग घरी येऊन चुटपुट लागते. म्हणून इथे सगळे प्रश्न सावकाशीनं घेतले आहेत.

संकल्पना म्हणजे काय? व्याख्या नको, सोपं करून सांगा.

पोहे घ्या. ‘पोहे’ म्हटलं की इंदूरच्या माणसाला उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेली मोठी परात आठवते, वर शेव, जीरावण मसाल्याची चिमूट, कच्चा कांदा आणि शेजारी जलेबी. पुण्याच्या माझ्या मावसबहिणीला ओलं खोबरं आणि लिंबाची फोड आठवते. तरी आम्ही दोघी एकाच पदार्थाबद्दल बोलत असतो. परक्या गावात, वेगळ्याच ताटलीत पोहे समोर आले तर दोघीही ओळखू. कोरडे झाले असतील तर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचं, हेही दोघींना ठाऊक आहे. वस्तू ओळखणं, तिचं पुढे काय होईल याचा अंदाज बांधणं आणि तिच्याबद्दल दुसऱ्याशी बोलणं ज्याच्या जोरावर जमतं, ती संकल्पना.

त्या पोह्यांच्या कल्पनेत डोळ्यांनी दिलेलं काही आहे, नाकानं, जिभेनं, बोटांनी दिलेलं काही आहे, आणि आई-आजीनं तोंडी सांगितलेलंही बरंच आहे. या शेवटच्या वाट्याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. तो किती मोठा असतो, हे मला माझ्या विद्यार्थ्यांकडून कळलं.

हे सगळं मेंदूत एकाच कप्प्यात ठेवलेलं असतं का?

एका कप्प्यात नसतं आणि वाऱ्यावरही सोडलेलं नसतं. रंग ओळखणारा मेंदूचा भाग वेगळा, आवाज ऐकणारा वेगळा, हाताच्या हालचाली ठरवणारा वेगळा. एखाद्या वस्तूबद्दलची माहिती या भागांच्या आसपास विखुरलेली असते. पण विखुरलेलं कुठेतरी एकत्र यायला हवं ना? कॅरलिन पॅटरसन, पीटर नेस्टर आणि टिमथी रॉजर्स यांनी २००७ साली जे चित्र मांडलं ते मी मुलांना बैलगाडीच्या चाकावरून सांगते. बाहेरून येणारे आरे म्हणजे डोळा, कान, नाक, हात. ते सगळे जिथे येऊन रुततात तो मधला तुंबा. हा तुंबा कानशिलाच्या आत, मेंदूच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या टोकाकडे असतो असं त्यांचं म्हणणं.

याचा सगळ्यात बोलका पुरावा एका आजारातून आला. ‘सिमँटिक डिमेन्शिया’ हा स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार, पण नेहमीच्या विसरभोळेपणाहून फार वेगळा. एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी १९७५ मध्ये अशा तीन रुग्णांचं बारकाईनं वर्णन केलं. हा रुग्ण अस्खलित बोलतो, काल काय झालं ते बऱ्यापैकी सांगतो, त्याची नजरही ठीक असते. विरत जातो तो अर्थ. आधी ‘बदक’ जातं आणि त्याच्या जागी नुसता ‘पक्षी’ येतो, मग पक्षीही जातो आणि ‘प्राणी’ उरतो. बदकाचं चित्र दाखवून बाजूला ठेवलं आणि आठवून काढायला सांगितलं, तर असे रुग्ण बदकाला चक्क चार पाय काढतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ पुढे वाचवेना. त्या माणसाला ‘प्राण्यांना बहुधा चार पाय असतात’ एवढं सर्वसाधारण ज्ञान उरलेलं असतं, आणि ‘बदकाला मात्र दोनच’ हा खास तपशील पुसला गेलेला असतो.

यात महत्त्वाचं हे की वस्तू दाखवा, तिचा आवाज ऐकवा, नाहीतर हातात द्या, अडचण तीच राहते. नुसता एखादा आरा मोडला असता तर एकाच वाटेनं येणारं अडलं असतं. इथे सगळ्याच वाटा अडतात, म्हणजे दुखणं तुंब्यातच असलं पाहिजे.

‘दालचिनी’ हा शब्द नुसता वाचला तरी मेंदूला वास येतो, हे खरं आहे?

वास येत नाही, पण वासाशी संबंधित भाग जागा होतो, असं म्हणता येईल. २००६ मध्ये स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून शब्द वाचायला दिले होते. दालचिनी, लसूण, मोगऱ्याच्या कुळातली जाई असे वासाचे शब्द आले की मेंदूतला गंधाचा भाग उजळायचा. वासाशी देणंघेणं नसलेल्या शब्दांना तसं होत नव्हतं. त्याआधी २००४ मध्ये ओलाफ हाउक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रियापदांवर असाच प्रयोग केला होता. चाटणे, उचलणे, लाथ मारणे अशा अर्थाचे शब्द नुसते वाचताना मेंदूच्या हालचालींच्या पट्ट्यात अनुक्रमे तोंडाच्या, हाताच्या आणि पायाच्या जागेजवळ हालचाल दिसली. विचार करणं म्हणजे इंद्रियांचा अनुभव अंशतः पुन्हा जगणं, अशी मांडणी लॉरेन्स बार्सलू यांनी १९९९ मध्ये केली होती. तिला या प्रयोगांनी मोठं बळ मिळालं.

पण इथे थोडं थांबावं, असं मी नेहमी सांगते. शेजारच्या खोलीत दिवा लागला की आपल्याही भिंतीवर उजेड पडतो, म्हणून आपल्या खोलीत दिवा आहे असं होत नाही. ब्रॅडफर्ड मेहन आणि आल्फोन्सो काराम्झा यांचा आक्षेप साधारण असाच आहे. मेंदूला इजा झाल्यामुळे ज्यांना हातोडी धरून नीट वापरता येत नाही, असे काही रुग्ण हातोडी अचूक ओळखतात, तिचं नाव सांगतात, ती कशासाठी असते तेही सांगतात. हाताचं ज्ञान गेलं तरी अर्थ शाबूत राहिला. म्हणजे इंद्रियांची ही जाग अर्थाला रंग भरते, वेग देते, पण अर्थाचा सगळा भार तिच्यावर नसावा. मला स्वतःला हेच पटतं, आणि त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

एखादं इंद्रिय जन्मापासूनच नसेल तर संकल्पना अर्ध्याच राहतात का?

एका हिवाळ्यात मी माझ्या एका विद्यार्थिनीला आणि तिच्या आईला घेऊन रात्री सराफ्यात गेले होते. मुलगी तेरा वर्षांची, जन्मांध. सोन्याचांदीची दुकानं बंद होऊन त्यांच्या पायऱ्यांसमोर कढया लागल्या होत्या. ती माझ्या कोपराला धरून चालत होती आणि मी न विचारता सांगत होती. “ताई, इथे जलेबी सोडतायत.” तेलाचा आवाज तिथे बारीक होता. “इथे दूध आटतंय, डावल्यानं कड खरवडली.” भुट्ट्याच्या किसाचा वास तिला माझ्याआधी आला. मग आम्ही गराडू घेतलं. कोनफळाच्याच कुळातला हा कंद तळून, वर लिंबू आणि जीरावण टाकून देतात. तिनं पहिला तुकडा तोंडात टाकलाच नाही. अंगठ्यानं त्याची कड दाबली, मोडला, आतला भाग दोन बोटांत चोळला. म्हणाली, “बाहेरून कडक आहे, आत पिठूळ, पण बटाट्यापेक्षा चिकट.” आणि आईकडे हात करून, “आई, तू पण बघ ना.”

तू पण बघ. आईनं तुकडा घेतला आणि खाल्ला. दोघींनाही त्या शब्दात काही वावगं वाटलं नाही.

आपल्या मराठीनं ही गोष्ट फार आधीच ओळखली आहे. चव घेऊन बघ, वास घेऊन बघ, हात लावून बघ, ऐकून बघ, विचारून बघ. कुठल्याच ‘बघ’मध्ये डोळ्यांची अट नाही. बार्बरा लँडाऊ आणि लीला ग्लाइटमन यांनी १९८५ मध्ये एका लहान अंध मुलीबद्दल जे लिहिलं ते वाचताना मला हेच आठवत होतं. तिला ‘वर बघ’ म्हटलं की ती चेहरा वर न करता हात वर करायची. ‘हात लाव, पण बघू नकोस’ म्हटलं तर वस्तूला नुसतं टिचकीसारखं शिवायची, आणि ‘आता बघ’ म्हटलं की सगळ्या बाजूंनी चाचपून घ्यायची. बघणं म्हणजे आपल्याकडच्या साधनानं वस्तूचा नीट ठाव घेणं, हा अर्थ तिनं स्वतः उभा केला होता. आणि दिसणारी माणसं डोळ्यांनी बघतात, हेही तिला ठाऊक होतं.

मोठ्या अंध व्यक्तींबद्दल मरीना बेडनी आणि रिबेका सॅक्स यांच्या गटानं २०१९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. डोळ्यांशी आणि प्रकाशाशी जोडलेली क्रियापदं एकमेकांच्या किती जवळ आहेत हे विचारल्यावर जन्मांध आणि डोळस लोकांची उत्तरं जवळजवळ सारखी निघाली. माझ्या वर्गात याचा प्रत्यय रोज येतो. डोकावणं आणि न्याहाळणं, टक लावणं आणि कटाक्ष टाकणं, लुकलुकणं आणि लखलखणं: आठवीतली कुठलीही अंध मुलगी यांतला फरक सांगेल, आणि चुकीच्या जागी शब्द वापरला तर मलाच टोकेल.

पण रंग? रंगाचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. रंगाला हात लावता येत नाही, त्याचा आवाज नाही, वास नाही. मग जन्मांध माणसाकडे रंगाचे नुसते पाठ केलेले शब्द असणार, असं तत्त्वज्ञांनाही फार काळ वाटत आलं.

प्रत्यक्षात काय सापडलं ते पाहा. जूडी किम, बेडनी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये जन्मांध आणि डोळस लोकांना विचारलं: एकाच जातीच्या दोन वस्तू घेतल्या तर त्यांचा रंग सारखा असेल का? आणि तो रंग तसा का असतो? फळांसारख्या नैसर्गिक गोष्टींचा रंग सहसा सारखा असतो, गाड्यांसारख्या माणसानं केलेल्या गोष्टींचा हवा तसा बदलतो, हे दोन्ही गटांनी सारखंच सांगितलं. कारणंही सारखीच दिली: प्राण्यांना लपायला उपयोग होतो, माणसं आवडीप्रमाणे रंग देतात. कधीच न ऐकलेल्या, कल्पित वस्तूंबद्दल विचारलं तेव्हाही दोघांचे तर्क जुळले. पाठांतरानं न ऐकलेल्या वस्तूचं उत्तर देता येत नाही. तिथे रंग म्हणजे काय आणि तो कशासाठी असतो याची खरी समजच लागते.

त्याच गटाच्या २०१९ च्या अभ्यासानं मात्र मला चकित केलं. प्राण्यांचा आकार, उंची, कातडीचा पोत आणि रंग यांबद्दल विचारलं होतं. मला वाटलं असतं, अंध लोकांना रंग जास्त माहीत असेल, कारण ‘हत्ती राखाडी’ हे एका शब्दात सांगता येतं आणि हत्तीचा आकार शब्दांत पकडणं महाकठीण. निघालं उलटंच. आकार आणि पोत यांबद्दल दोन्ही गटांचं मत बरंच जुळलं, सगळ्यात जास्त तफावत रंगात दिसली. म्हणजे ऐकीव माहितीचे दाणे वेचून ठेवण्यावर भिस्त नव्हती. हा पक्षी आहे, मग याला पिसं असणार, चोच असणार, असा तर्क चालला होता. रंगाबाबत तो तर्क चालत नाही, कारण ‘पक्षी’ एवढ्यावरून रंग ठरत नाही.

आणि मेंदू? २०२० मध्ये बेजिंगमधल्या बी यानचाओ यांच्या गटानं फळाभाज्यांच्या रंगांबद्दलचं ज्ञान तपासलं. डोळस लोकांत ते दोन ठिकाणी मिळालं: एक मागच्या बाजूला, रंग प्रत्यक्ष पाहताना वापरल्या जाणाऱ्या भागात, आणि दुसरं डाव्या कानशिलाच्या आत पुढच्या भागात. जन्मांध लोकांत पहिलं नव्हतं, दुसरं मात्र तसंच होतं. म्हणजे एकाच ज्ञानाच्या दोन नोंदी असतात, एक इंद्रियातून आलेली आणि एक भाषेतून व विचारातून घडलेली. डोळस माणसाकडे दोन्ही असतात, म्हणून त्याला दुसरी जाणवतच नाही.

अंध व्यक्तीकडे लाल दिसण्याचा अनुभव नसतो. हे मी कधीच लपवत नाही, माझे विद्यार्थीही लपवत नाहीत. पण अनुभव नाही म्हणजे ज्ञान नाही, ही उडी चुकीची आहे. तिच्यापायी कितीतरी मुलांना चित्रकलेच्या तासाला वर्गाबाहेर बसवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

मग अंध माणसाच्या मेंदूतला दृष्टीचा भाग रिकामाच पडून राहतो का?

नाही. मेंदूत जागा रिकामी राहत नाही. नोरिहिरो सदातो यांनी १९९६ मध्ये दाखवलं की ब्रेल वाचताना अंध वाचकांच्या मेंदूतला मागचा, एरवी दृष्टीचा म्हटला जाणारा भाग कामाला लागतो. पुढच्याच वर्षी चुंबकीय स्पंदनांनी तो भाग क्षणभर विस्कळीत केला, तर वाचणाऱ्यांच्या ब्रेलमध्ये चुका होऊ लागल्या. २००० साली नोंदलेली एक घटना तर फार हळहळ लावणारी आहे. ब्रेल सहज वाचणाऱ्या एका जन्मांध बाईंना झटका आला आणि मेंदूच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे इजा झाली. बोटांना स्पर्श जाणवत होता, ठिपके लागत होते, पण त्यांची अक्षरं होईनात.

ऑपरेशननं दृष्टी आली तर हातानं ओळखीची असलेली वस्तू डोळ्यांनी लगेच ओळखता येईल?

हा प्रश्न विल्यम मॉलिन्यू या आयरिश गृहस्थांनी १६८८ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्रातून विचारला होता. जन्मांध माणसाला हातानं गोळा आणि घन ओळखता येतात. उद्या दिसायला लागलं तर हात न लावता तो सांगू शकेल का, कुठला कोणता? मॉलिन्यूंची पत्नी अंध होती. लॉक यांनी १६९४ मध्ये हा प्रश्न आपल्या ग्रंथात घेतला आणि ‘नाही सांगू शकणार’ असं उत्तर दिलं.

आपल्याकडे याच गाठीला फार जुना हात लागलेला आहे. गौतमांच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, तिसऱ्या अध्यायाची सुरुवातच ‘दर्शनस्पर्शनाभ्यामेकार्थग्रहणात्’ अशी होते. जे मी डोळ्यांनी पाहिलं तेच आता हातानं शिवतो आहे, असं मला कळतं. डोळ्याला स्पर्श कळत नाही, त्वचेला रूप कळत नाही. मग दोन्ही एकच आहेत हे सांगणारा या दोघांपलीकडे कुणीतरी असलाच पाहिजे. नैयायिकांनी त्यावरून आत्मा सिद्ध केला. आजचे संशोधक मेंदूतला तुंबा शोधतात. निष्कर्ष वेगळे, पण कोडं तेच.

त्या कोड्याची प्रत्यक्ष परीक्षा भारतातच झाली. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये जन्मापासून मोतीबिंदू वगैरेंमुळे न दिसणाऱ्या मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया होतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८ ते १७ वर्षांची पाच मुलं होती. पट्टी निघाल्यावर दोन दिवसांच्या आत त्यांना मोठे, ठोकळ्यांसारखे आकार दिले. हातानं चाचपलेला आकार पुन्हा हातानं ओळखणं, पाहिलेला पुन्हा पाहून ओळखणं, दोन्ही छान जमलं. हातानं चाचपलेला डोळ्यांनी ओळखायला सांगितल्यावर मात्र उत्तरं छापा-काट्याच्या जरा वर राहिली. लॉक बरोबर ठरले, असं वाटेल. पण थोड्याच दिवसांनी ज्यांची पुन्हा चाचणी घेता आली त्या मुलांना ते जमू लागलं होतं. कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. हात आणि डोळा यांची सोयरीक जन्मानं जुळलेली नव्हती, पण जुळायला वेळही लागला नाही.

माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी यातलं दुसरं वाक्य जास्त जोरानं सांगते. ऑपरेशन झाल्याच्या तिसऱ्या दिवशी मूल आईचा चेहरा ओळखत नाही म्हणून रडू नका. त्याला तुमच्या चेहऱ्यावरून हात फिरवू द्या.

वास गेला तर वासाची संकल्पनाही जाते का?

२०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनामध्ये माझा वास गेला. गॅसवर दूध लागलं तरी मला पत्ता नाही, सासूबाई आतल्या खोलीतून धावत आल्या. हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली तर नुसती पिवळसर पूड. पण हिंगाबद्दल मला ठाऊक होतं त्यातलं काहीच गेलं नव्हतं: कुठल्या आमटीत किती, तेल किती तापल्यावर, जास्त पडला तर कडवट कसा लागतो. सात-आठ आठवड्यांनी वास परत आला तेव्हा मात्र तो मला ‘आठवला’ असं नाही, तो ‘भेटला’. ज्ञान आणि अनुभव वेगळे असतात हे मी इतरांना इतकी वर्षं सांगत होते. त्या दिवशी स्वयंपाकघरात उभी राहून मला ते स्वतःला कळलं.

वासाला शब्द नसतात, असं पुष्कळदा म्हणतात. ते भाषेवर अवलंबून आहे. मलाय द्वीपकल्पातल्या जहाई लोकांच्या भाषेत वासांसाठी स्वतंत्र क्रियापदं आहेत. इंग्रजी बोलणारे वासांची नावं सांगताना अडखळतात, तिथे जहाई लोक रंगांइतक्या सहज वास सांगतात, हे असिफा माजिद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ मध्ये दाखवलं. आपली मराठीही इथे गरीब नाही. खमंग, खवट, कुबट, करपट, आंबूस, उग्र, कोंदट. यातला एकही शब्द एकाच वस्तूला बांधलेला नाही. खवट खोबरंही असतं आणि तेलही, खमंग भाजणीही असते आणि फोडणीही. आजीनं नाक मुरडून ‘खवट झालंय गं’ म्हटलं की नात तो वास वेगळा काढून लक्षात ठेवायला शिकते. शब्द नाकाला वळण लावतो.

एक इंद्रिय दुसऱ्याला फसवतं म्हणतात, ते कसं?

शेव मऊ पडली की नाही हे आपण जिभेनं ठरवतो असं वाटतं. पुष्कळसं ते कान ठरवतात. मासिमिलियानो झांपिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी २००४ मध्ये बटाट्याचे वेफर खाणाऱ्यांना हेडफोनमधून त्यांच्याच चावण्याचा आवाज ऐकवला. त्यातला उंच पट्टीचा भाग वाढवला की तेच वेफर जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटायचे. ओठ आणि आवाज यांचंही तसंच: ‘ग’ म्हणणारे ओठ दाखवून कानात ‘ब’ सोडला तर पुष्कळांना ‘द’सारखं काहीतरी ऐकू येतं. हॅरी मगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी हे १९७६ मध्ये मांडलं.

मी डोळे मिटले की मला काहीच दिसत नाही. माझ्या संकल्पना कच्च्या आहेत का?

अजिबात नाहीत. मनात चित्र उभं न राहणं याला ॲडम झेमन यांनी २०१५ मध्ये ‘अफँटेझिया’ हे नाव दिलं. अशा लोकांना पेरूचा आतला रंग, हत्तीच्या कानाचा आकार, घरातल्या खिडक्यांची संख्या सगळं सांगता येतं. ते चित्र पाहून सांगत नाहीत, एवढंच.

आमच्याकडे घरी मराठी आणि बाहेर हिंदी. मुलांच्या डोक्यात प्रत्येक गोष्टीच्या दोन-दोन संकल्पना होतात का?

इंदूरच्या प्रत्येक मराठी घरातला हा प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी अर्थ एकच असतो, दारं दोन. दुधी आणि लौकी, बटाटा आणि आलू. पण काही शब्दांच्या कडा जुळत नाहीत. आपण ‘काकडी’ म्हणतो त्याला इथला भाजीवाला ‘खीरा’ म्हणतो, आणि त्याची ‘ककडी’ म्हणजे ती लांब, बारीक, वाकडी, उन्हाळ्यात येणारी. लहानपणी आईनं काकडी आणायला पाठवलं आणि मी ककडी घेऊन आले, असं इथे सगळ्यांचं झालेलं असतं. अशा वेळी मूल दोन भाषांच्या मध्ये वस्तूकडेच नीट बघतं: साल कशी, बिया कशा, चावल्यावर पाणी किती. माझ्या मते हा फायदाच आहे.

चॅटजीपीटीला आंबा कळतो का?

नुसत्या शब्दांच्या ढिगातूनही कुठला रंग कुठल्याच्या जवळचा एवढं बरंचसं काढता येतं, हे आता दिसलं आहे. भाषेत किती साठलेलं असतं याची ती खूणच. पण यावरून अंध मुलांची यंत्राशी तुलना केलेली मला मुळीच चालत नाही. अंध मुलाला हात आहेत, नाक आहे, भूक आहे, आणि आंबा कापताना शेजारी बसलेली आजी आहे.

दिसणाऱ्या मुलांना चित्रांची कार्डं आणि मोबाईल पुरेत का?

पुरत नाहीत. लिंडा स्मिथ आणि चेन यू यांनी लहान मुलांच्या डोक्यावर छोटा कॅमेरा लावून पाहिलं. मूल वस्तू हातात धरून तोंडाजवळ आणतं तेव्हा तीच त्याच्या नजरेत मोठी होते, बाकीचा पसारा मागे जातो. नेमक्या त्या क्षणी आईनं नाव घेतलं तर शब्द जास्त चांगला रुजतो. कार्डावर नारळ आणि लिंबू एकाच मापाचे असतात. नारळाचं वजन, कानाशी धरून हलवल्यावर आतलं पाणी, शेंडीचा खरखरीतपणा यातलं काहीच कार्डात नाही. मंडईत पिशवी धरायला मुलांना बरोबर न्या. भाजीवाल्याची ओरड बसेल, पण दोन टोमॅटो दाबू द्या.

आमची मुलगी जन्मांध आहे. तिच्यासमोर आम्ही रंगांची नावं आणि ‘बघ’ हा शब्द टाळतो. बरोबर करतो ना?

नका टाळू. हात जोडून सांगते. एका शाळेत मला हाच सल्ला मिळाला होता आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तो पाळलाही. मुलांना ते लगेच कळायचं. मोठी माणसं आपल्यापाशी आली की वेगळंच काहीतरी बोलतात, हे त्यांच्या कानांना चुकत नाही.

उलट, मराठीतले रंग तर तिच्यासाठीच केल्यासारखे आहेत. डाळिंबी, आमसुली, लिंबू, नारिंगी, चंदनी, राखाडी, शेवाळी, मातकट. प्रत्येक रंगामागे हातात घेता येईल, चाखता किंवा हुंगता येईल असं काहीतरी आहे. माहेश्वरी साडी घ्यायला जाल तेव्हा तिला बरोबर न्या. दुकानदार ‘आमसुली’ म्हणेल तेव्हा घरातलं आमसूल आठवून द्या आणि मग किनारीवरून तिचं बोट फिरू द्या. लोक कुठल्या कार्याला कुठला रंग नेसतात, कुठला टाळतात, हेही सांगा. रंगाच्या ज्ञानात हे सगळं येतं.

सराफ्यात माझ्याबरोबर आलेली ती मुलगी पुढच्या पावसाळ्यात एकदा शाळेच्या ओट्यावर बसून जांभळं खात होती. द्रोण संपला तशी ती उठली, माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं, जीभ जितकी बाहेर निघेल तितकी काढली आणि तशीच विचारू लागली, “झाली का, ताई? बघा ना, झाली का?”